मोठी मूळ संख्या तपासताय? या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागला क्लास घेतो, दरवर्षी पोरं नवीन आणि चुका त्याच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिली म्हणजे p मूळ असला की 2^p − 1 पण मूळच, हे धरून चालणं. 3, 7, 31, 127 आलं की पोरं खूश होऊन थांबतात, अरे पुढचा 11 घालून बघा की, 2047 येतात आणि ते 23 × 89 आहेत. फ्रेंच गणिती मेर्सेननं 1644 ला 2^p − 1 मूळ देणाऱ्या p च्या यादीत 67 पण धरला होता, 1876 ला गणिती लुकासनं ते खोडून काढलं आणि 1903 ला कोलनं अवयवच मांडले, 193707721 × 761838257287. विभाजक शोधताना 3, 5, 7 करत बसू नका. p विषम मूळ असेल तर विभाजक 2kp + 1 असाच असतो आणि त्याला 8 नं भागलं की बाकी 1 किंवा 7 उरते. 11 साठी पहिलाच 23, लगेच सापडतो.

आता दुसरी, हिच्यावर माझे तासच्या तास गेलेत. तासगावचा एक पोरगा सी मधला प्रोग्रॅम घेऊन आला आणि म्हणाला, "सर, ऑयलरचं चुकलंय, 2147483647 मूळ नाही." ऑयलरनं 1772 ला सिद्ध केलेली संख्या! त्याला म्हटलं आधी i, म्हणजे ज्यानं n ला भागून बघतोस तो आकडा, प्रिंट कर. लूपची अट i * i <= n, सगळं इंट मध्ये, म्हणजे सी मधल्या 32 बिटच्या पूर्णांकात. 46340 चा वर्ग 2147395600, तो मावतो, 46341 चा 2147488281, तो मावत नाही कारण इंटची मर्यादाच 2147483647 आहे, मग वर्ग उणे झाला, अट कधी मोडेचना, आणि i वाढत वाढत थेट n पर्यंत गेला. n ला n नं भागलं, बाकी शून्य, "मूळ नाही". उत्तर यायला एवढा वेळ लागतोय तिथंच शंका यायला पाहिजे होती, पण यांना घाई. i <= n / i लिहा, विषय संपला. मी कुठलाही कोड आधी 2047, 561, 9991 या मूळ नसलेल्या संख्यांवर चालवतो, यूट्यूबवरनं उचललेला असेल तर नक्कीच.

एक्सेलमध्ये 2^61 − 1 काढू नका, 15 अंकांनंतर शून्यं दिसतात.

फक्त 2 घेऊन फर्मा टेस्ट (2^(n − 1) ला n नं भागून बाकी 1 येते का बघणं) करू नका, 341 पास होते आणि ती 11 × 31 आहे.

पहिल्या काही मूळ संख्यांचा गुणाकार अधिक 1 मूळच असतो असं धरू नका, 2·3·5·7·11·13 + 1 मूळ नाही, 59 × 509 आहे.

41024320 अंकांची मूळ संख्या 2^136279841 − 1 बघून लुकास-लेमर (2^p − 1 मूळ आहे का बघायची टेस्ट, शेवटी 0 आला तर मूळ) करायला बसणाऱ्यांनो, पायऱ्या नीट मोजा. 4 पासून सुरू, वर्ग करून 2 वजा, 2^p − 1 नं भागून बाकी, असं बरोबर p − 2 वेळा. 7 साठी वहीवर करा: 4, 14, 67, 42, 111, 0. एक पायरी जास्त केली तर 125 येतील आणि तुम्ही 127 ला संयुक्त ठरवून मोकळे व्हाल.