एकत्र वाजवताना लय कशी धरायची

आधी सूर. सगळ्यांनी एकाच स्रोतावरून, बहुधा ४४० हर्ट्झच्या ‘ए’ या स्वरावरून, वाद्यं लावावीत. प्रत्येकाने शेजाऱ्यावरून लावलं की फरक साठत जातो.

लयीचं दुखणं जास्त चिवट. आवाज चढला की वेगही चढतो, उतरला की चाल रेंगाळते. म्हणून अवघड जागा आधी साठ टक्के वेगात घ्या. मग मिनिटाला १२० मात्रांच्या चालीला मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) ६० वर ठेवा आणि त्याचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडतोय असं धरून वाजवा. मधल्या मात्रा स्वतः सांभाळाव्या लागतात, त्यामुळे घाई कोणाची ते लगेच उघडं पडतं. (आळ ड्रमरवर येतो, बऱ्याचदा पळत असते ती गिटार.)

स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चौघांच्या संचात) सुरुवात श्वासाने होते: पहिल्या व्हायोलिनने रचनेच्याच वेगात, एक मात्राभर श्वास घ्यावा. तो आखूड झाला तर पहिली ओळ धावलीच म्हणून समजा. बँडमध्ये हेच काम ड्रमरच्या काठ्यांचे चार ठोके करतात.

मोठ्या मंचावर कानावर विसंबू नका. दहा मीटर कापायला ध्वनीला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात. मागच्यांनी ऐकून वाजवलं तर पुढच्यांपर्यंत तो उशीर दुप्पट होऊन पोचतो. म्हणून मागच्यांनी वाद्यवृंदाच्या संचालकाच्या हाताबरोबर वाजवावं. बँडमध्ये ड्रम आणि बेस शेजारी-शेजारीच ठेवा.