पाण्यातलं कासव पाळताय? आधी उन्हाची सोय बघा

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, घरात येतं ते बहुधा मुलांच्या हट्टापायी. दुकानात ते तीन-चार सेंटिमीटरचं असतं. मादी वाढून २५-३० सेंटिमीटरची होते आणि नीट सांभाळली तर २०-३० वर्षं जगते. तिसरीतल्या मुलाचं लग्न झालं तरी कासव तुमच्याकडेच! हे मान्य असेल तरच आणा.

आणि आणायचं ते विदेशीच. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं आपलं स्टार कासव किंवा नदी-तळ्यातून उचललेलं देशी कासव घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग कोणी ते वास्तूसाठी भेट का दिलेलं असेना. वास्तूला पितळेचं चालतं.

टाकी मोठी घ्या: पाठीच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी. पूर्ण बाहेर येऊन अंग कोरडं करता येईल असा दगड किंवा फळी हवी. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच भरा. फिल्टर असला तरी दर आठवड्याला थोडं पाणी बदला.

आता ऊन. उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी कासवाच्या अंगात ड-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्याच जोरावर खाण्यातलं कॅल्शियम हाडांत व पाठीत जातं. ऊन नाही मिळालं तर पाठ मऊ पडते, वेडीवाकडी वाढते. खिडकीशी टाकी ठेवून भागत नाही, कारण काच हे किरण अडवते. म्हणून सकाळी कोवळ्या उन्हात, उथळ पाण्याच्या टबात कासवाला गच्चीवर न्या. अर्ध्या टबावर सावली हवी आणि वर जाळी हवी, घारी-कावळ्यांसाठी आणि मांजरांसाठी. काचेची टाकी मात्र उन्हात कधीच ठेवू नका, आतलं पाणी बघता बघता तापतं. एप्रिल-मेमध्ये बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आठ वाजायच्या आत खाली आणा. उत्तरायणाला गच्ची पतंगवाल्यांची, कासव घरात. फ्लॅटमध्ये गच्चीच नसेल तर यूव्हीबीचा दिवा लावा. तो उजेड देत राहिला तरी किरण कमी होत जातात, म्हणून सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो.

थंडीत कासव हलेनासं, खाईनासं झालं की घरचे म्हणतात, “झोपलंय, झोपू दे.” झोपू देऊ नका. पाणी २४ ते २७ अंश आणि बसायची जागा ३०-३२ अंश ठेवा. जानेवारीतल्या रात्रींसाठी थर्मोस्टॅटचा, म्हणजे ठरावीक तापमानाला आपोआप बंद-चालू होणारा, हीटर लागतोच.

वाळवलेल्या कोळंबीवर कासव वाढवू नका. त्यात अ जीवनसत्त्व कमी, आणि डोळे सुजून मिटतात ते बहुतेक वेळा याच कमतरतेने. पिल्लांना रोज कासवासाठीचे दाणे द्या. मोठ्यांना दिवसाआड दाणे पुरतात, पण लेट्यूस आणि गाजराचा कीस वाढवा. पालक क्वचितच. टाकीत समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळाच्या हाडाचा, तुकडा टाकून ठेवा, कासव तो कुरतडून कॅल्शियम मिळवतं. पाव, भात, पाहुण्यांनी कौतुकाने टाकलेली शेव, सगळं बंद.

कासवाला हात लावला की साबणाने हात धुवा. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती ते देऊच नये. टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका.

कंटाळा आला म्हणून सूरसागर तलावात किंवा विश्वामित्री नदीत सोडणं हे पुण्य नव्हे. ही जात देशी कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावते.

एका बाजूला कलून पोहणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास घेणं ही फुप्फुसाच्या संसर्गाची चिन्हं आहेत. अशा वेळी थांबू नका. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर कासव बघत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारा. नेताना पाण्यात नको, भोकं पाडलेल्या डब्यात ओलसर फडक्यावर ठेवून न्या. घरात कुत्र्याचं जंताचं औषध पडलेलं असेल तर ते कासवाला देऊ नका: त्यात आयव्हरमेक्टिन असेल तर कासवाचा जीव जातो.