मेंढ्यांचे जंत: या चुका टाळा

जंत झाले की औषध पाजायचं, इथेच बहुतेकांचा विचार थांबतो. मेंढी ज्या गवतातून रोज नवे जंत उचलते, त्या गवताकडे कुणी बघत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गवत फुटलं की कळप लगेच त्याच तुकड्यात सोडणं. मी ती केली आहे. दमट दिवस होते, चरलेल्या तुकड्याला पंधरा दिवस झाले होते, गवत पुन्हा हिरवंगार. सोडल्या मेंढ्या. महिन्याभरात एक मेंढी मागे रेंगाळायला लागली. जबड्याखाली हात घातला तर पाणी भरल्यासारखी मऊ सूज. खालची पापणी उलटली, आत कागदासारखं पांढरं. लेंड्या मात्र गोल, घट्ट. हगवण नाही म्हणून जंतांची शंकाच आली नव्हती. त्या आठवड्यात दोन मेंढ्या आणि पाच कोकरं गेली.

हा हिमोंकस नावाचा जंत. चौथ्या पोटात बसून रक्त पितो, एक मादी दिवसाला 5000 वर अंडी घालते. उबदार ओलाव्यात आठवड्याभरात लेंडीतून अळी तयार होऊन गवतावर चढते. म्हणजे पंधराव्या दिवशी मी कळपाला अळ्यांचं ताटच वाढलं होतं. आता दमट हवेत एका तुकड्यात चार दिवसांच्या वर कळप ठेवत नाही, आणि दोन महिने तिथे मेंढी फिरकत नाही. मधल्या काळात गुरं चारतो. मेंढीचे बहुतेक जंत गुरांच्या पोटात टिकत नाहीत. दोन महिने फार वाटतात त्यांनी कळप लहान करावा.

गवत बुडापर्यंत खाऊ देऊ नका. बहुतेक अळ्या खालच्या दोन इंचांत असतात. चार बोटं गवत उरलं की मी कळप हलवतो.

दव असताना सोडू नका.

खुराकात काटकसर करणाऱ्यांवर माझा खरा राग आहे. विण्याआधीचे काही आठवडे आणि दूध पाजताना मेंढीची जंतांशी झुंजायची ताकद घटते, लेंडीतली अंडी वाढतात. नेमकी तेव्हाच पेंड बंद केलेली असते! प्रथिनं मिळाली तर मेंढी जंतांना बरीच तोंड देते. झाडपालाही द्या. उंचावरच्या पाल्यावर अळी पोहोचत नाही, आणि बाभळीसारख्या तुरट पाल्याचा, शेंगांचा जंतांना थोडा त्रासच होतो. पण तुरट चाराच पोटभर घातला तर मेंढी खाणं कमी करते.

जंतांवर मोरचूद, म्हणजे तांब्याचं मीठ, पाजण्याचा शॉर्टकट तर सोडाच. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं आणि एक दिवस लाल लघवी होऊन जनावर अचानक मरतं.

औषधाचा डोस नजरेच्या अंदाजाने ठरवू नका, वजन करा. कमी डोसात तगलेले जंत पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. सगळ्या कळपालाही सरसकट पाजू नका. बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांत असतात. दमट दिवसांत मी दर पंधरवड्याला पापण्या बघतो, फिकट असेल तिलाच औषध देतो, आणि औषधाआधी एकदा व दोन आठवड्यांनी पुन्हा तिच्या लेंड्या तपासायला पाठवतो. अंडी तेवढीच निघाली, तर ते औषध माझ्या कळपात निकामी झालं.