वेचा सुरू व्हायच्या आधी यादीतलं नाव पाहून घ्या

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान ऐन कापसाच्या वेच्यात आलं होतं. सकाळचा वेचा सोडून मी सासूला घेऊन शाळेत गेले. ती शहात्तर वर्षांची, गुडघ्यानं अधू, पण एकही मतदान तिनं चुकवलेलं नाही. कार्ड पदराच्या गाठीत बांधलेलं. टेबलावरच्या माणसानं यादीवर बोट ठेवलं. तिच्या चौकटीवर तिरपा शिक्का छापलेला होता : वगळले. कारण, मयत.

ती त्याच्यापुढं उभी राहून म्हणाली, "मी त जित्ती हाओ ना बाप्पा! मंग माहं नाव काहून काटलं?" त्या माणसाकडं उत्तर नव्हतं. तिला मत न देता घरी यावं लागलं, आणि त्या दिवशी ती जेवली नाही. त्यानंतर मी जे शिकले, ते लिहिते आहे.

सगळ्यात आधी हे पक्कं समजून घ्या की कार्ड असणं म्हणजे मतदार असणं नव्हे. यादीत नाव असेल तर कार्ड नसतानाही आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड किंवा फोटो असलेलं बँकेचं पासबुक दाखवून मत देता येतं. यादीत नाव नसेल तर कार्डाचा काही उपयोग नाही. दुसरी गोष्ट गावात फार कमी लोकांना माहीत असते. राज्यघटनेच्या कलम २४३ प्रमाणे ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नोंदलेली माणसं. नाव कटलं की पाच वर्षांतून एकदा द्यायचं मत तर जातंच, शिवाय घरकुलाच्या यादीवर, पाण्याच्या टाकीवर, रोजगार हमीच्या मस्टरवर उभं राहून बोलायचा हक्कही जातो. म्हणून नाव काटणं हे तोंड बंद करणंच आहे, असं मी मानते. त्याच वर्षी ऑगस्टच्या ग्रामसभेत माझ्या सासूनं घरकुलाच्या यादीवर प्रश्न विचारला होता.

यादी पाहायची ती पोळ्यापासून सीतादही, म्हणजे वेचा सुरू करायची पूजा, होईपर्यंत. एकदा वेचा लागला की बाईला मान वर करायला फुरसत नसते. मोबाइलवर निवडणूक आयोगाचं ॲप आहे, १९५० हा फोन नंबर आहे. पण माझं सांगणं असं की एकट्यानं आपलंच नाव पाहू नका. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून गावच्या यादीचा पूर्ण भाग उतरवून घ्या, तालुक्याला प्रिंट काढा आणि बचत गटाच्या बैठकीत घरवार मोठ्यानं वाचा. आम्ही समाजमंदिरात दोन संध्याकाळ बसलो. कोण मेलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण नुसतं कामाला गेलं, हे बायांना तोंडपाठ असतं. यादीच्या शेवटी पुरवणी असते, तिच्यात वगळलेली नावं येतात आणि नावापुढं एक इंग्रजी अक्षर असतं. ई म्हणजे मयत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार. आमच्या भागात एस लागलेल्या नावांत सात जण असे निघाले, जे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि शिमग्याला परत येतात.

त्यांच्यासाठी कायदा अगदी स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम २० : माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं राहण्याचं ठिकाण बदलत नाही. बीएलओ, म्हणजे घरोघर येऊन यादी तपासणारा बूथचा कर्मचारी, आला आणि घराला कुलूप दिसलं तर शेजारणीनं त्याला हेच वाक्य ऐकवावं.

कुणाचं नाव काटायचा अर्ज नमुना ७ वर द्यावा लागतो, आणि तो त्याच यादीतला मतदारच देऊ शकतो. आलेल्या अशा अर्जांची यादी नमुना १० म्हणून मतदार नोंदणी कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावतात. ती आठवड्याला एकदा पाहायचं काम गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला द्या. ‘इथं राहत नाही’ म्हणून किंवा मतदार व्हायला पात्र नाही म्हणून नाव काढायचं असेल तर त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. माझ्या सासूला तर मयतच ठरवलं होतं, तिला कसलीच नोटीस आली नव्हती. मी लेखी अर्ज करून नमुना ७ ची नक्कल मागितली. तीन खेपा झाल्या, मग मिळाली. त्यावर ज्याचं नाव होतं तो आमच्याच गल्लीतला माणूस. तो कागद पाहून घाबरला. म्हणाला, "वयनी, मी असा अर्ज केलाच नाही." माझा त्याच्यावर विश्वास बसला. कर्नाटकातल्या आळंदमध्ये असेच ६,०१८ अर्ज आले होते आणि तपासणीत फक्त २४ खरे निघाले. खोटा अर्ज देणं हा कलम ३१ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे तुमच्या तक्रारीत लिहा.

नाव कटून गेलं असेल तर सहसा नमुना ६ नव्यानंच भरावा लागतो. फोटो, वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा. सातबारा चालतो, विजेचं बिल चालतं. पोच घेतल्याशिवाय उठू नका. आधारवर एक नाव आणि यादीत दुसरं असेल तर नमुना ८. अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथंही नाही झालं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. आणि उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत काहीच बदलत नाही. ग्रामपंचायतीची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच बनते, त्यामुळे सरपंचाच्या निवडणुकीत धावपळ करून नाव लागत नाही.

दुबार नावं काढायलाच पाहिजेत, त्याला माझी ना नाही. पण ‘बोगस मतदार’, ‘घुसखोर’ असा ओरडा करून जे राजकारण चालतं, त्याचं ओझं कुणावर पडतं ते पाहा. बिहारमध्ये २०२५ साली कच्च्या यादीतून ६५ लाख नावं बाहेर राहिली. ती नावं कारणांसकट जाहीर करा, हे १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. पुरावा म्हणून मागितलेल्या आधीच्या ११ कागदांत आधार नव्हतं, तेही न्यायालयाच्या आदेशानं आलं. ज्याच्याकडे बंगला आणि पासपोर्ट आहे त्याला कागद जड नाहीत. मेळघाटातल्या कोरकू आजीला आणि पालातल्या पारध्याला जड आहेत. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशातल्या सुमारे २८ लाख बायांची नावं गेली, कारण त्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची माय’ एवढंच सांगितलं होतं. तेव्हा बायांनी नाव सांगितलं नाही. आता आम्ही सांगतो आहोत, तर ते पुसू नका.

बोलण्याबद्दल. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावीच लागते. प्रश्न तिथं मांडा, ठरावात लिहून घ्या, वही वाचल्याशिवाय सही करू नका. गावच्या व्हॉट्सॲप गटावर मी घरकुलाची यादी टाकली, तेव्हा ‘आयटी कायद्यात आत जाशील’ असा निरोप आला. ते ज्या कलमाची भीती घालतात ते ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ लाच रद्द केलं. पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून २०१२ मध्ये पकडलं होतं, तिथून ते प्रकरण उभं राहिलं. कागद टाका, तारीख टाका, प्रश्न टाका. कुणाच्या जातीधर्मावर, बायकापोरांवर एक शब्दही नको, त्याला दुसरी कलमं आहेत आणि ते वाईटही आहे. पोलीस ठाण्यातून फोन आला तर लेखी नोटीस मागा. साक्षीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांनी घरी यायचं असतं.

मतदानाच्या दिवशी तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. टेंडर मत मागा. केंद्राध्यक्षाला कागदी मतपत्रिका द्यावीच लागते.

सासूचं नाव फेब्रुवारीत परत लागलं. १ मेच्या ग्रामसभेत ती खुर्चीवरून न उठताच बोलली, "आता सांगा, घरकुलाची यादी कोण बनवली?" ठरावाच्या वहीत तो प्रश्न तिच्या पूर्ण नावानं लिहिलेला आहे. मी पानाचा फोटो काढून ठेवला आहे.