सरासरी दुरुस्त करताना या चुका टाळा

समजा, काजूच्या हंगामात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सोसायटीच्या वहीत ४० बागायतदारांनी घातलेल्या बियांची सरासरी ६५ किलो निघाली. मागाहून कळलं, एकाचे ६८ किलो ८६ म्हणून चढलेत. अशा वेळी सर्रास काय होतं? ८६ वजा ६८, म्हणजे १८, थेट सरासरीतून कापले जातात आणि उत्तर येतं ४७. एकाची नोंद चुकली म्हणून चाळीसही जणांचे काजू अठरा-अठरा किलोंनी घटवले!

आधी बेरजेकडे जा. ४० × ६५ = २६००. त्यातून ८६ काढा, ६८ घाला, २५८२ येतात. भागिले ४०, सरासरी ६४.५५. घाईत काढ-घाल उलटी झाली तर ६५.४५ मिळतं. मोठा आकडा छोटा झाला की सरासरी उतरलीच पाहिजे, एवढं पाहिलं तरी ही चूक सापडते.

पण ते ६५ नक्की ६५ होते का? ६४.६ चे कोणी ६५ केले असतील तर बेरजेत १६ किलोंचा फरक पडतो, जवळजवळ मूळ चुकीएवढाच. वही हाताशी असेल तर बेरीज पुन्हा मारलेली बरी.

एकच पावती दोनदा चढली असेल तर नुसती रक्कम वजा करून भागत नाही, भाजकही बदलतो. ५० किलोंची जादा नोंद काढली की २५३२ भागिले ३९, म्हणजे साधारण ६४.९२. नोंद काढूनही सरासरी वर गेली म्हणून दचकू नका. ५० हे सरासरीपेक्षा कमीच होते.

आकडे उलटसुलट झाले की फरकाला ९ ने भाग जातो. इथला १८ तसाच. हिशेबनीसांची ही जुनी खूण आहे, पण पुरावा नव्हे. मूळ पावती बघाच.

एक्सेलमध्ये वेगळीच गंमत. रिकामा चौकोन सरासरीत धरला जात नाही, शून्य मात्र धरलं जातं. म्हणून पावसाच्या तक्त्यात मोजणी राहून गेलेल्या दिवशी ० टाकू नये. आणि चौकोनात ‘६८ किलो’ असं टंकलं तर तो मजकूर ठरतो. सरासरी काढताना ती नोंद गुपचूप गळते.

प्रमाण विचलनही (नोंदी सरासरीभोवती किती पसरल्यात याचं माप) काढलेलं असेल तर नोंदींच्या वर्गांच्या बेरजेतूनही ८६ चा वर्ग ७३९६ काढून ६८ चा ४६२४ घालावा लागतो. मध्यक, म्हणजे नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, कदाचित जागचा हलणारही नाही.