जानेवारीत बेटावर जाताय? आधी पाणी किती अंशांचं आहे ते विचारा

नोव्हेंबर संपत आला की रामबागेतून आणि लोकमान्यनगरातून मला फोन सुरू होतात. "ताई, अंदमान करू की मालदीव? पूलवालं हॉटेल घेऊ की समुद्रालगतचं?" मी इंदुरात बायकांना आणि लहान मुलांना पोहायला शिकवते, म्हणून लोक हक्कानं विचारतात. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो : पाण्यात कोण कोण उतरणार, आणि ते पोहणार की नुसते उभे राहणार? हॉटेलचं बुकिंग या उत्तरावरून करायचं. घरातला जो माणूस पाण्यात सगळ्यात कमी हलणार आहे, त्याला सोसेल ते पाणी निवडलं की बाकीच्यांचं आपोआप जमतं.

पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पटींनी वेगानं ओढून घेतं. म्हणून २७ अंशांच्या हवेत आपण पंखा लावतो आणि २७ अंशांच्या पाण्यात अर्धा तास उभं राहिलं की हुडहुडी भरते. स्पर्धांच्या तलावात पाणी २५ ते २८ अंश ठेवतात, कारण तिथला पोहणारा सतत हातपाय मारून स्वतःची उष्णता तयार करत असतो. काहीच न करता निवांत बसायचं असेल, तर शरीराला ३३-३४ अंशांचं पाणी लागतं. या दोन टोकांच्या मध्ये आपलं सगळं कुटुंब बसतं. माझा अंदाज असा : तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पोहणाऱ्याला २६-२७ पुरतं, दंगा करणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना २८, कठड्याला धरून पाय मारणाऱ्या शिकाऊ माणसाला २९-३०, आणि पाच वर्षांखालचं मूल किंवा गुडघे दुखणाऱ्या आजी असतील तर ३१-३२ च्या पुढे.

हे आकडे वाचून कळत नाहीत, म्हणून घरीच करून बघा. बाळाच्या आंघोळीसाठी तरंगणारा थर्मामीटर मिळतो, तो आणा. जानेवारीत सकाळी आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १५-१६ अंश भरतं. मोठ्या टबात ते घेऊन गिझरचं पाणी मिसळत २७ वर आणा आणि आजींना गुडघ्यापर्यंत पाय बुडवून दहा मिनिटं बसू द्या. मग ३० वर आणा, पुन्हा बसवा. पायाला जे गार लागतं ते पोटाला आणि पाठीला त्याहून गार लागणार, हे धरून चाला. हा टब तुम्हाला हॉटेलच्या फोटोंपेक्षा जास्त सांगेल. थर्मामीटर नंतर बॅगेत टाकायचा, तिकडेही लागतो.

आता बेटं. अंदमानच्या समुद्राचं पाणी डिसेंबर ते फेब्रुवारीत साधारण २७-२८ अंश असतं, मालदीव आणि लक्षद्वीपला २८ च्या आसपास, थायलंडच्या फुकेतला २८-२९. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे आपला हिवाळा हा तिथला उन्हाळा, पाणी २६ ते २८. मात्र नोव्हेंबर ते एप्रिल तिथे चक्रीवादळांचे दिवस असतात, तेव्हा तिकीट बदलता येईल असंच घ्या. बालीचं पाणी छान उबदार, पण डिसेंबर-जानेवारी म्हणजे तिथला भर पावसाळा. अंदमानलाही डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत पावसाची सर येऊ शकते, जानेवारी-फेब्रुवारी जास्त कोरडे. मालदीवला जानेवारी ते एप्रिल हा कोरडा काळ.

नुसत्या नकाशावर विसंबू नका. मुलगी अमेरिकेत असते आणि ती हवाई बेटांवर बोलावते, असं इथल्या बऱ्याच घरांत घडतं. तिथलं होनोलुलू अक्षांशानं इंदूरपेक्षा थोडंसंच दक्षिणेला आहे, पण जानेवारीत तिथला समुद्र २४-२५ अंशच असतो. तरुणांना चालतो, आजोबांना नाही. बार्बाडोससारख्या कॅरिबियन बेटांवर त्याच दिवसांत २६-२७ मिळतं. आपल्या जवळचं दीव घ्या. गाडीनं जाता येतं म्हणून अनेकजण जातात, पण जानेवारीत तिथे रात्री चांगला गारठा असतो, समुद्र २४-२५ वर येतो आणि गरम न केलेला पूल त्याहून खाली जातो. दीवला किल्ला बघा, किनाऱ्यावर फिरा; पाण्यात डुंबण्यासाठी मात्र मार्चची वाट पाहा.

पूलच्या बाबतीत बहुतेकांचा समज असा की समुद्र गार आणि पूल उबदार. हिवाळ्यात बेटावर बऱ्याचदा उलटं असतं. समुद्राचा साठा प्रचंड, एका रात्रीत त्याला फरक पडत नाही. गरम न केलेला पूल मात्र दिवसा-रात्रीच्या हवेच्या सरासरीच्या आसपास राहतो आणि रात्रभर वाफेवाटे उष्णता गमावत राहतो. मालदीवला रात्रीही पंचवीसच्या खाली फारसं जात नाही, म्हणून तिथला साधा पूलही बरा. अंदमानला सकाळी सात वाजता पूल समुद्रापेक्षा गार लागला तर नवल मानू नका.

पूलांपूलांतही फरक असतो. लोकांना फोटोतला तो काठावरून सांडणारा, क्षितिजाला टेकलेला पूल हवा असतो. दिसायला सुंदरच. पण त्यातलं पाणी काठावरून पातळ थरानं खाली उतरतं, खालच्या टाकीत जमतं आणि पंपानं परत वर येतं. बशीत ओतलेला चहा जसा लवकर निवतो, तसं वाऱ्यात हे पाणी निवतं. धबधबे आणि कारंजी असलेल्या पूलचंही तेच. खोलीबाहेरचा छोटा खासगी पूल दुपारी पटकन तापतो आणि रात्री तितक्याच पटकन गार होतो. शिवाय झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत असेल तर तापतच नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून पूलच्या दक्षिणेला तीनमजली इमारत असेल तर दुपारी बारालाही अर्ध्या पाण्यावर सावली पडते. हॉटेलच्या फोटोत सावल्या कुठे पडल्यात ते बघा. गडद फरशीचा, उथळ, वाऱ्याच्या आडोशाचा आणि रात्री झाकून ठेवला जाणारा पूल सगळ्यात उबदार. तो फोटोत साधाच दिसतो. घरात लहान मूल असेल तर मी तोच घेईन.

गरम पाण्याचा पूल आहे असं लिहिलेलं असेल, तरी फोन करा. व्हॉट्सअॅपवर मी पाठवते तो मजकूर असा : "पूलचं पाणी तापवता का? किती अंशांपर्यंत? सकाळी नऊला प्रत्यक्ष किती असतं? मुलांचा पूलही तापवता का? पाणी किती फूट खोल, पायऱ्या आहेत की नुसती शिडी? कठडा आहे का? रात्री झाकता का?" नुसतं "हो, हो, वॉर्म आहे" असं उत्तर आलं तर आकडा मागा, थर्मामीटरचा फोटो मागा. जो माणूस रोज पाणी तपासतो त्याच्याकडे आकडा असतोच. मुलांचा पूल वेगळा असेल तर तोच न तापवलेला निघण्याची शक्यता जास्त. पायऱ्यांचा प्रश्न आजींसाठी फार महत्त्वाचा आहे. शिडीनं उतरणं गुडघ्यांना झेपत नाही आणि मग पूल असूनही त्या खुर्चीवर बसून राहतात.

जाकुझीचं, म्हणजे बुडबुड्यांच्या गरम टबाचं, पाणी ४० अंशांपर्यंत असू शकतं, त्याच्या वर असलं तर उतरूच नका. दहा-पंधरा मिनिटं पुरे. पाच वर्षांखालच्या मुलांना त्यात घेऊ नका. गरोदर असाल, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि बाहेर येताना सावकाश उठा, चक्कर येते.

समुद्रात उतरायचं तर भरती-ओहोटीची वेळ विचारल्याशिवाय दिवसाचा बेत ठरवू नका. अंदमानात ओहोटीला पाणी बरंच मागे जातं. शहीद द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या नीलला, खडक आणि प्रवाळ उघडे पडतात आणि पोहण्याजोगं पाणीच उरत नाही. प्रवाळावर पाय देऊ नका, पायही कापतो आणि प्रवाळही मरतं. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. जिथे पाटी लावलीय किंवा जीवरक्षक नको म्हणतोय तिथे गुडघाभर पाण्यातही जायचं नाही. लक्षद्वीपला परवाना लागतो, तो आधी काढा. तिथलं प्रवाळाच्या कड्याआडचं शांत, उथळ पाणी शिकाऊ माणसासाठी कुठल्याही पूलच्या तोडीचं आहे.

घड्याळाचा हिशोबही वेगळा करावा लागतो. अंदमान इंदूरच्या खूप पूर्वेला, पण घड्याळ तेच, त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. इथल्यासारखं चारला चहा घेऊन पाचला पाण्याकडे निघालात तर अंधारच भेटेल. समुद्र सकाळी आठ ते अकरा, पूल दुपारी एक ते साडेतीन, असा बेत तिथे जमतो. दुपारी पूलचं पाणी दिवसातलं सगळ्यात उबदार असतं. ऊन मात्र कडक, म्हणून मुलांना लांब बाह्यांचे पोहण्याचे टीशर्ट घाला. ते ऊनही अडवतात आणि पाण्याबाहेर आल्यावर वारा थेट अंगाला लागत नाही. पाण्यावर तरंगत तासभर मासे बघायचे असतील तर २८ अंशांतही गारठायला होतं, कारण त्यात हालचाल फार कमी. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा अर्ध्या बाह्यांचा रबरी सूट भाड्यानं मिळाला तर जरूर घ्या.

लहान मुलांना "थंडी वाजतेय का?" असं विचारू नका, ती कधीच हो म्हणत नाहीत. त्यांच्याकडे बघा. कोपरं बरगड्यांना चिकटतात, मुठी हनुवटीखाली येतात, खालचा ओठ कडेनं जांभळट व्हायला लागतो आणि हनुवटी बारीक थरथरते. कोपरं चिकटली की बाहेर काढायचं, ओठाची वाट बघायची नाही. मूल जितकं बारीक तितकं ते लवकर निवतं. त्याच पाण्यात त्याच्या गुटगुटीत भावाला काही होत नाही, म्हणून दोघांना एकच वेळ लावू नका. बाहेर काढल्यावर आधी ओले कपडे उतरवा, मग पंच्यानं कोरडं करा, मग गरम दूध. ओल्या कपड्यांवरून टॉवेल गुंडाळून उपयोग नाही.

आजींसाठी दुपारी तीन वाजताचा पूल, छातीइतकं पाणी, कठड्याला एक हात आणि सतत चालणं. एकाजागी उभं राहायचं नाही. वीस मिनिटांनी बाहेर, अंग कोरडं, आणि अजून हौस असेल तर अर्ध्या तासानं परत दहा मिनिटं. पहिल्या दिवशी मात्र कुणालाही लगेच पाण्यात लोटू नका. इंदुरातून पहाटेच्या आठ-नऊ अंशांत निघून, दोन विमानं बदलून, जागरण करून माणूस पोचलेला असतो. त्या दिवशी संध्याकाळी पायऱ्यांवर बसून पाय भिजवा, थर्मामीटर पाण्यात सोडा, तीन-चार मिनिटं थांबा आणि आकडा लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा. सकाळी सव्वीसच्या खाली भरलं तर मॅनेजरला सांगून दुपारची वेळ राखून घ्या आणि सकाळ समुद्राला द्या.