वाक्याचं शेपूट: रेस्क्यूच्या पोरांना वॉकीटॉकी शिकवताना

सरावातली गोष्ट आहे, म्हणून हसत सांगता येते. स्ट्रेचरवर माणसाऐवजी वाळूची पोती बांधली होती आणि ती चाळीसेक फुटांच्या कड्यावरून खाली उतरवायची होती. मध्यावर एक दोर कपारीत अडकला. स्ट्रेचरसोबत लटकलेल्या पोरानं सेटवर सांगितलं, "दोर सोडायचा नाही." वर ऐकू आलं, "दोर सोडायचा", आणि मग खरखर. वरच्यानं इमानेइतबारे सोडला. पोती कातळावर आपटली, एक फुटलं, खालच्या दोघांच्या डोक्यावर वाळू पडली. दोघेही एकमेकांना म्हणत होते, मी बरोबरच केलं. खरंच दोघांनी बरोबर केलं होतं.

बोलणाऱ्याचं बोट शेवटच्या शब्दाआधी बटणावरून उठलं, एवढंच घडलं. पण आपल्या भाषेत तो शेवटचा शब्द म्हणजेच सगळं असतं. "करू नका", "यायचं नाही", "दिसत नाही": मराठीत नकार बसतो वाक्याच्या शेपटीला आणि सेट आधी शेपूटच खातो. तेव्हापासून माझ्या वर्गाची सुरुवात याच वाळूच्या पोत्यापासून होते. तुम्ही ट्रेकिंग ग्रुपमधून रेस्क्यूच्या कामाकडे वळत असाल आणि पुढे कधी नव्या पोरांना सेट शिकवायची वेळ आली, तर माझ्या चुका तुमच्या कामी येतील.

पहिली चूक म्हणजे माझा पहिला वर्ग. मी तेव्हा नुकताच हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा पास झालो होतो आणि अंगात वारं भरलं होतं. फळ्यावर फ्रिक्वेन्सी, तरंगलांबी, आयनोस्फिअर. तासाभरात मागची रांग झोपली. पुढच्या रांगेतल्या एका गाववाल्या पोरानं विचारलं, "सर, पण बोलायचं कधी?" हा पोरगा रात्री-बेरात्री टॉर्चशिवाय घळ उतरणारा, आणि मी त्याला आयनोस्फिअर सांगत होतो!

आता पहिला तास सेटशिवाय होतो. दोघं पाठीला पाठ लावून बसतात. एकासमोर सात-आठ काड्यांची नक्षी मांडलेली असते, दुसऱ्याकडे नुसत्या काड्या. पहिल्यानं सांगायचं, दुसऱ्यानं मांडायचं. एक बोलत असताना दुसरा गप्प, आणि "ओव्हर" म्हटल्याशिवाय पाळी बदलत नाही. पाच मिनिटांत भांडणं सुरू होतात. "डावीकडे" म्हणजे कुणाच्या डावीकडे? "वर" म्हणजे कुठे? हेच डोंगरावर होतं. "मी टाक्याजवळ आहे" असं सांगणाऱ्याला माहीत नसतं की गडावर टाकी नऊ आहेत. म्हणून आमच्याकडे डावं-उजवं नेहमी दरीकडे तोंड करून उभं राहिलेल्या माणसाचं धरतात, आणि चढाईला निघण्याआधी नकाशावर जागांची नावं ठरवून घेतात. गावकऱ्यांची नावं असतील तर तीच. आपण ठेवलेली नावं गावातल्या वाटाड्याला कळत नाहीत, आणि सगळ्यात आधी पोचणारा माणूस तोच असतो.

मग सेट हातात येतो. बटण दाबा, एक श्वास जाऊ द्या, बोला, बोलून झाल्यावर मनात "एक" म्हणा, मग सोडा. सुरुवातीचा श्वास अशासाठी की दाबल्या क्षणी सेट पाठवायला तयार नसतो आणि पलीकडचाही उघडायला जरा वेळ घेतो. त्यात पहिला शब्द जातो. तोंडापासून चार बोटं अंतर, आवाज नेहमीचा. ओरडलं की आवाज फाटतो. ज्याला हाक मारायची त्याचं नाव आधी, आपलं नंतर: "बेस, बेस, मी खिंड." बेस म्हणजे जिथून मोहीम चालते ते ठाणं. नावं जागेची किंवा कामाची, माणसाची नाहीत. आमच्या टीममध्ये तीन सचिन आहेत.

दोरावर काम चालू असताना नकाराचं वाक्य बोलायचंच नाही, हा आमचा नियम. थांबवायचं असेल तर फक्त "स्टॉप", तोही तीनदा. मराठी असताना इंग्रजी शब्द का, असं एका ज्येष्ठ सदस्यानं रागानं विचारलं होतं. कारण साधं आहे. विशीतला पोरगा साठीच्या काकांना "थांब" म्हणत नाही, आणि "थांबा काका, जरा..." म्हणेपर्यंत स्ट्रेचर चार फूट खाली गेलेलं असतं. "स्टॉप"ला अरे-तुरे नाही की अहो-जाहो नाही. तो कुणीही म्हणू शकतो, आणि ऐकल्यावर सगळ्यांनी थांबायचं, का ते नंतर विचारायचं.

"हो" या शब्दाचंही तसंच. फोनवर आपण "हो, हो" म्हणतो त्याचा अर्थ "ऐकतोय", "पटलं", "करतो" आणि कधी कधी "आता ठेव", यांपैकी काहीही असतो. सेटवर ऐकू आलं असेल तर "समजलं" म्हणा, आणि काय समजलं ते परत म्हणून दाखवा. करणार असाल तर "करतो" वेगळं सांगा. सिनेमातलं "ओव्हर अँड आउट" मात्र आल्या दिवशीच विसरायला लावतो. "ओव्हर" म्हणजे तू बोल, "आउट" म्हणजे संपलं. दोन्ही एकदम म्हणजे "या, बसा, निघा".

आकड्यांनी आम्हाला खूप छळलं. "सहा" आणि "दहा" पावसात सारखेच वाजतात. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांतला नेमका शेवट गळतो. म्हणून आकडे सुटे: सहा-नऊ, एक-शून्य. इंग्रजी अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली सगळीकडे चालतं. मराठी नावाचं अक्षर सांगायचं झालं की आम्ही सरळ बालवाडीत जातो: ब बदकाचा, भ भटजीचा. मोठी माणसं आधी लाजतात, नंतर हेच सगळ्यात लक्षात ठेवतात.

मैदानी सराव शक्यतो लोहगड-विसापूरला घ्यावा. मधली गायमुख खिंड म्हणजे आयता फळा. या सेटच्या लहरी डोंगराला वळसा घालत नाहीत, साधारण नजरेसारख्या सरळ जातात. हे वाक्य वर्गात दहादा सांगून जे कळत नाही ते तिथे दहा मिनिटांत कळतं. बेस खिंडीत ठेवायचा, एक जोडी विसापूरच्या पठारावर पाठवायची. पठाराच्या मध्यावरून बेस लागत नाही, तटाच्या कडेला आलं की स्वच्छ लागतो. सेट कमरेला असेल तर अंगच आडवं येतं, म्हणून हातात घेऊन उंच धरायचा, अँटेना उभी. तरीही लागत नसेल तर ओरडत बसण्यापेक्षा पन्नास पावलं चालावं. आणि जिथून दोन्ही बाजू दिसतात तिथे एकाला रिले म्हणून बसवावं. रिले हे टीममधलं सगळ्यात कंटाळवाणं काम. थंडीवाऱ्यात एकटं बसायचं आणि दुसऱ्यांचे निरोप शब्दाला शब्द पुढे द्यायचे, आपली अक्कल न घालता. नव्यानं येणाऱ्यानं हेच मागून घ्यावं. मी दोन पावसाळे हेच केलं आणि शिकवण्याजोगं जे काही मिळालं ते तिथेच.

परवान्याबद्दल थोडक्यात, कारण इथे बरीच मंडळी फसतात. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर अर्ध्या वॉटचे सेट २०१८च्या नियमांनुसार परवान्याशिवाय वापरता येतात, मात्र सेटला सरकारी मान्यता हवी. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बोलणारे पाच वॉटचे सेट यात बसत नाहीत. चांगल्या कामासाठी वापरतोय ही सबब चालत नाही. हॅमचा परवाना दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन मिळतो. वयाची १२ वर्षं पूर्ण हवीत, आणि रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्सची परीक्षा नसते. पण तो परवाना त्या माणसाचा असतो, टीमचा नव्हे. हॅमचा सेट दहा जणांना वाटता येत नाही. तरी प्रत्येक टीममधल्या दोघा-तिघांनी परीक्षा द्यावी असं माझं मत आहे, कारण त्यामुळे ऐकायची सवय लागते.

मोबाइल असताना हे कशाला, असं दर वर्गात कुणीतरी विचारतं. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, मदतीला गेलेल्यांना अंधारात, पावसात पायी चढावं लागलं. अशा ठिकाणी रेंजच्या भरवशावर राहायचं का, ते विचारणाऱ्यालाच ठरवू देतो. शिवाय फोन एकाला लागतो. सेटवरचं सगळ्यांना ऐकू येतं.

सगळ्यांना ऐकू येतं याची दुसरी बाजूही आहे. एकदा सॅकच्या पट्ट्याखाली कुणाचं तरी बटण दाबलं गेलं. वीस मिनिटं अख्ख्या टीमनं त्याची धाप आणि बेसवरच्या खिचडीबद्दलची मतं ऐकली. त्याला सांगणार कसं? जो पाठवतोय त्याला ऐकू येत नाही. शेवटी एक जण धावत गेला. आता निघताना सेट छातीशी, बटण बाहेरच्या बाजूला, चॅनलची कळ लॉक. पावसात पारदर्शक पिशवी, तोंड खाली करून. माइकच्या भोकांत पाणी शिरलं की आवाज उशीतून आल्यासारखा येतो, मग झटकायचा.

एक गोष्ट मी पहिली काही वर्षं शिकवलीच नाही, सुचलीच नव्हती. खऱ्या शोधाच्या वेळी बेसवर आम्ही एकटे नसतो. हरवलेल्याचे वडील, भाऊ, मित्र सेटला कान लावून उभे असतात. एका शोधात वरून निरोप आला, साध्या सरळ शब्दांत, आणि तो आम्ही आणि त्या मुलाच्या वडिलांनी एकदमच ऐकला. ऑपरेटरचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला तोवर उशीर झाला होता. त्या काकांनी काही विचारलं नाही. खाली बसले आणि बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले.

त्यानंतर बेसच्या सेटला इअरफोन आला. ऑपरेटर माणसांपासून तीस-चाळीस पावलं लांब बसतो, वहीत वेळ आणि निरोप लिहितो. नावं सेटवर घेत नाही. अशा निरोपासाठी प्रत्येक मोहिमेआधी एक साधा शब्द ठरतो, दर वेळी वेगळा, आणि तो फक्त टीमला माहीत असतो. तो आला की ऑपरेटरनं "समजलं" एवढंच म्हणायचं, वही मिटायची आणि टीमप्रमुखाला बाजूला बोलवायचं. सरावात मी हा शब्द अधूनमधून, न सांगता पाठवतो. पोरं तोंड निर्विकार ठेवू शकतात का, ते बघायला.